मुक्या शेळीची भाषा

शेळीला गरिबाची गाय म्हणतात. ज्याला गुंठाभर जमीन नाही, त्याच्याही दारात दोन शेळ्या असतात. मुलांना दूध मिळते. अडीनडीला बोकड विकून शाळेची फी भरता येते, औषधपाणी करता येते. अशी शेळी दगावली, तर घरची शिल्लकच गेली. मग आपण म्हणतो, "काल तर चांगली होती!" पण पुष्कळदा ती काल चांगली नसते. तिने आपल्या परीने सांगितलेले असते. आपल्याला ते कळलेले नसते.

शेळी कळपात राहणारे जनावर आहे. कळपातले दुबळे जनावर लांडगा आधी हेरतो. म्हणून होता होईल तो दुखणे लपवायचे, ही शेळीची जातच आहे. तेव्हा नजर आपणच तयार केली पाहिजे.

आधी निरोगी शेळी नीट पाहू या. तिचे डोळे चमकदार असतात. कान हलते असतात. केस तुळतुळीत असतात. लेंड्या गोल आणि सुट्या पडतात. चरून आली की ती निवांत बसून रवंथ करते. तिच्या अंगाची उष्णता १०२ ते १०३ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते. आपल्याला एवढा ताप आला तर आपण अंथरूण धरू. शेळीचे मात्र ते नेहमीचेच आहे. म्हणून अंग गरम लागले एवढ्यावरून घाबरू नये.

आता रोज सकाळी शेळ्या सोडताना पुढील गोष्टी बघा.

१. कोणती शेळी मागे राहते? पाला दाखवला तरी येत नाही, कोपऱ्यात मान टाकून उभी राहते, ती आजारी समजावी.

२. रवंथ चालू आहे का? रवंथ बंद, तर पोटात काहीतरी बिघडले.

३. लेंड्या कशा आहेत? पातळ झाल्या, शेपटीखाली घाण चिकटली, तर हगवण आहे.

४. दात खाते का? शेळी करकर दात खाते तेव्हा तिला बहुधा वेदना होत असतात.

५. खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघा. लालसर असेल तर ठीक. पांढुरकी असेल तर रक्त कमी झाले आहे. याचे नेहमीचे कारण जंत. पोटातले बारीक जंत रक्त पितात. कधी जबड्याखाली पाणी भरून सूजही येते. जंताचे औषध डॉक्टरांना विचारून, शेळीच्या वजनाप्रमाणे द्यावे.

काही खुणा दिसल्या तर दुपारची वाट पाहू नये. शेळीने ज्वारीच्या राशीत तोंड घातले, किंवा ओला लसूणघास फार खाल्ला, तर पोट फुगते. डावी कूस ढोलासारखी ताठ होते. शेळी धापा टाकते. अशी शेळी काही तासांत मरू शकते. घाईने तोंड वर धरून काढा ओतू नका. तो श्वासनळीत गेला तर दुसरेच दुखणे उभे राहते.

नाकाडोळ्यांतून घाण येते, तोंडात फोड येतात, ताप आणि हगवण लागते, तर पीपीआर रोगाची शंका घ्यावी. गुरांचा बुळकांडी रोग जगातून गेल्याचे २०११ साली जाहीर झाले. त्याचाच हा भाऊबंद शेळ्यामेंढ्यांत अजून आहे. भारतात तो प्रथम १९८७ साली तामिळनाडूत आढळला. तो एकीपासून दुसरीला लागतो. म्हणून आजारी शेळी ताबडतोब वेगळी बांधा. तिचे चारापाणी वेगळे ठेवा. या रोगावर लस आहे. ती शेळी धडधाकट असतानाच टोचून घ्यावी.

एखादे जनावर अचानक मेले आणि नाकातोंडातून रक्त आले, तर ते फाडू नका, त्याचे मांस खाऊ नका. तो फाशी रोग असू शकतो. तो माणसालाही होतो.

महाराष्ट्रात १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते. हा आकडा गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. आता आपल्याला लिहिता येते, त्याचा असा उपयोग करावा.

प्रश्न
१. शेळी दुखणे का लपवते?
२. पापणी पांढुरकी दिसली तर काय समजावे?
३. उद्या सकाळी आपल्या शेळ्या पाहा. काय दिसले ते तीन ओळींत लिहा.