फाटलं कधी, ते आधी सांगा

आमच्या घरात दोन खांदे पाठोपाठ कामातून गेले. एक माझा, दुसरा धाकट्या दिरांचा. दोघांच्याही एमआरआयच्या कागदावर जवळपास एकच ओळ होती : सुप्रास्पायनॅटस या खांद्याच्या स्नायूची कंडरा आरपार फाटलेली. सल्ला मात्र नेमका उलटा मिळाला. मला थांबता येत होतं, तर ऑपरेशनची तारीखच हातात ठेवली. भाऊजींना थांबून चालणार नव्हतं, तर त्यांना शेकत बसवलं.

आधी माझं सांगते. छत्रपती संभाजीनगरातल्या बाईला खांदा कशाने दुखला असं कुणी विचारत नाही. जायकवाडी धरण भरलेलं असो की नसो, नळाला पाणी येतं ते कित्येक दिवसांच्या खंडाने, आणि आलं की पिंप, हंडे, बादल्या सगळं एका दमात भरून घ्यावं लागतं. मीही बरीच वर्षं खापर पाण्यावरच फोडलं. दुखणं हळूहळू वाढत गेलं : आधी वरच्या फळीवरचा डबा काढताना कळ, मग वेणी घालताना, मग रात्री त्या कुशीवर झोपणंच बंद. एका खासगी दवाखान्यात थेट एमआरआय झाला. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली, ‘फाटलंय, शिवावं लागेल’ म्हणाले. माझ्या हाताला त्यांनी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे मोजल्याशिवाय निष्कर्ष काढलेला मला खपत नाही. घाटी या सरकारी रुग्णालयात केसपेपर काढला. रांग मोठी होती, पण तिथल्या तरुण डॉक्टरांनी आधी दोन्ही खांदे उघडे करायला लावले आणि मागून नीट पाहिले. मग दोन्ही हात समोर थोडे तिरके, अंगठे जमिनीकडे; त्यांनी वरून दाब दिला, उजवा हात दुखून खाली गेला. मग त्यांनी स्वतः माझा हात आडवा उचलून धरला आणि ‘आता सावकाश खाली आणा’ म्हणून सोडला. थरथरला, पण धपकन पडला नाही. पंजाची मागची बाजू कमरेवर टेकवून हात मागे उचलायला लावला, कोपर कमरेला लावून पंजा बाहेर वळवायला लावला. सगळं करून झाल्यावर त्यांचा एकच प्रश्न : ‘पडलात का कधी? आधी चांगला होता आणि एका दिवसात गेला, असं झालं का?’ नाही. मग म्हणाले, व्यायाम सुरू करू.

त्यांचं म्हणणं मी घरी येऊन वाचून पडताळलं. खांद्याची खोबण उथळ असते. पात्याच्या हाडावरून निघणारे चार स्नायू दंडाच्या हाडाचा गोल माथा तिच्यात धरून ठेवतात, त्यांच्या कंडरांचं आवरण म्हणजे रोटेटर कफ. वय झालं की हे आवरण विरतं. अमेरिकेत 1995 साली खांदा अजिबात न दुखणाऱ्या 96 जणांचे एमआरआय काढले होते. साठीपुढच्यांत निम्म्याहून अधिक जणांची कंडरा थोडी किंवा पूर्ण फाटलेली निघाली, आणि त्यांना पत्ताही नव्हता! म्हणजे साठी ओलांडलेल्या माणसाच्या रिपोर्टात ‘टिअर’ हा शब्द दिसला, एवढ्यावरून दुखण्याचं कारण सापडलं असं होत नाही. जुन्या साडीचा काठ विरणं वेगळं आणि नवी साडी खिळ्याला अडकून टर्रकन फाटणं वेगळं. फिल्मवर दोन्हींत भोकच दिसतं.

माझ्यासारख्या, मार न लागता आरपार फाटलेल्या 452 रुग्णांना अमेरिकेतल्या ‘मून’ गटाने आधी व्यायाम दिला. 2013 साली त्यांनी छापलं की दोन वर्षांत पाव भागापेक्षाही कमी लोकांवर ऑपरेशनची वेळ आली. मात्र याचा अर्थ ऑपरेशन फसवं असा कुणी काढू नये. नॉर्वेत 103 रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून दहा वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा लहान-मध्यम फाटीत शिवलेल्यांचा गट पुढे निघाला. न शिवलेल्यांपैकी काहींची फाट वाढली होती. घाई नाही, पण दुर्लक्षही नको, एवढाच त्याचा अर्थ मी घेतला.

आता भाऊजी. पंचेचाळिशीतले, वाळूजला कंपनीत. सेकंड शिफ्ट सुटल्यावर येताना नगर नाक्याजवळ मोटारसायकल घसरली, हात टेकून पडले. त्या रात्रीपासून हात खांद्याच्या वर जाईना. एक्स-रे काढला. हाड शाबूत. ‘मुका मार आहे, शेका,’ असं सांगून घरी पाठवलं. एक्स-रेत हाड दिसतं, कंडरा दिसत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. पुढे दुसऱ्या ठिकाणी ‘फ्रोझन शोल्डर’ ठरलं, मग गावाकडे मालिश. एमआरआय झाला तोवर कंडरा हाडापासून मागे सरकली होती आणि स्नायूत चरबी भरू लागली होती. ही चरबी कंडरा शिवल्यावरही सहसा जात नाही. ऑपरेशन झालं, दुखणं कमी झालं, ताकद पुरती आली नाही. वरच्या रॅकमधलं सामान ते आता डाव्या हाताने काढतात.

गंमत म्हणजे फाटलेली कंडरा शिवल्याचं 1911 साली लिहिणारे बोस्टनचे डॉ. कॉडमन आणि ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव देणारे कॉडमन एकच. शस्त्रक्रियेनंतर वर्षाने रुग्ण खरंच बरा आहे का, हे प्रत्येक रुग्णालयाने तपासून जाहीर करावं, असा त्यांचा हट्ट होता. तो सहकाऱ्यांना रुचला नाही आणि त्यांना रुग्णालय सोडावं लागलं. त्यांच्या नावाशी जोडलेल्या या दोन आजारांची गल्लत मात्र आजही सर्रास होते.

ती टाळायला घरीसुद्धा एक अंदाज घेता येतो. कोपर कमरेला लावा, काटकोनात वाकवा, पंजा बाहेरच्या बाजूला वळवा. स्वतः वळत नाही आणि दुसऱ्याने हलक्या हाताने वळवला तरी वळत नाही, तर सांधा आखडलेला असण्याची शक्यता जास्त. मधुमेह असेल तर अधिकच. दुसऱ्याने सहज वळवला, पण सोडताच हात परत आत आला, तर कंडरेचा संशय धरा. पडल्यानंतर एक्स-रे चांगला असूनही हात वर जात नसेल, तर आठ-पंधरा दिवसांत अस्थिरोगतज्ज्ञांकडून सोनोग्राफी किंवा एमआरआयबद्दल विचारून घ्या. आरपार फाटलेलं असेल, तर सराव असलेल्या हातात साधी सोनोग्राफीही पुरते, खर्च कितीतरी कमी. केसपेपरवर पडल्याची तारीख आणि ‘त्याआधी हात पूर्ण वर जात होता’ हे वाक्य आग्रहाने लिहून घ्या. आणि डाव्या खांद्यासोबत छातीत दाटलं, दरदरून घाम फुटला, तर हे सगळं सोडून हृदयाच्या दवाखान्यात पळा.

व्यायामाचं काही अवघड नाही. काखेत नॅपकिनची गुंडाळी, रबरी पट्टा खिडकीच्या गजाला, कोपर अंगाशी ठेवून पंजा सावकाश बाहेर. भिंतीवर बोटं चालवत वर. दोन्ही पाती मागे जवळ आणणं. पहिले काही आठवडे फरक कळत नाही आणि बहुतेक जण तिथेच सोडतात. पुन्हा पुन्हा बोलावणारी फिजिओथेरपीची महागडी पॅकेजं मात्र विचारपूर्वक घ्या. ब्रिटनमधल्या 708 रुग्णांच्या ‘ग्रास्प’ चाचणीत (2021) एकदाच नीट शिकवून घरी पाठवलेले आणि सहा वेळांपर्यंत बोलावलेले, दोघेही वर्षाअखेरीस सारखेच होते. कंडरा पूर्ण फाटलेली नसताना, नुसतं हाड घासून जागा करण्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनबद्दलही 2018 च्या ‘लॅन्सेट’मध्ये आलंय : फक्त दुर्बीण घालून बाहेर काढलेल्यांपेक्षा हाड घासलेल्यांना विशेष फायदा झाला नाही. असं ऑपरेशन सुचवलं तर ‘शिवणार आहात की नुसतं घासणार?’ हे विचारायला लाजू नका.

स्टेरॉइडच्या सुईने पहिले काही आठवडे आराम पडतो, ‘ग्रास्प’मध्येही तेवढाच दिसला. मला तिचा उपयोग झाला तो रात्री झोप लागून व्यायाम करता यावा इतका. साखरेचा त्रास असेल तर सुईनंतर काही दिवस रोज तपासा, ती चढते. वरचेवर सुया घेत राहू नका, आणि पुढे ऑपरेशन ठरलं तर शेवटची सुई कधी घेतली ते सर्जनना न विचारता सांगा. मी अजून अधूनमधून सोनोग्राफी करून फाट वाढली का ते पाहते. वाढली आणि जोर कमी झाला, तर शिवून घेईन.