उभ्या ट्रॅक्टरच्या टायरला भेगा का पडतात?

हंगाम आटोपला की ट्रॅक्टर अंगणात उभा राहतो. असे चार-सहा उन्हाळे गेले की टायरच्या बाजूंवर बारीक चिरांचे जाळे दिसू लागते. नक्षी शाबूत, काम बेताचेच; मग टायर खराब का व्हावा, असा प्रश्न शेतकरी बांधवांना पडतो.

याचे उत्तर रबराच्या घडणीत आहे. रबराचे रेणू लांब साखळ्यांसारखे असतात. अमेरिकेतील चार्लस गुडइयर यांनी १८३९ साली गंधक व उष्णता यांच्या योगे या साखळ्या परस्परांस जोडण्याची कृती शोधली आणि रबर टिकाऊ झाले. तथापि साखळ्यांतील काही दुवे नाजूकच राहतात. हवेतील अत्यल्प ओझोन वायू नेमका या दुव्यांवर आघात करतो. रबर ताणलेले असल्यास तेथे ताणाच्या आडव्या दिशेने चिरा पडतात. ऊन, उष्णता व प्राणवायू यांमुळे रबर कठीण होऊन या ऱ्हासात भर पडते.

यावर उपाय म्हणून कारखान्यात रबरामध्ये काजळी, संरक्षक रसायने व मेण मिसळतात. चाक फिरताना टायर लवतो, तसे मेण पृष्ठभागावर येऊन पातळ कवच धरते. चाक दीर्घकाळ उभे राहिले की हे कवच नीट सांधले जात नाही. अंगावरचा भार मात्र कायम असतो.

म्हणून पुढील दक्षता घ्यावी. ट्रॅक्टर सावलीत ठेवावा. छप्पर नसल्यास टायर गोणपाटाने झाकावेत. ठिणग्या उडणाऱ्या विद्युत मोटारी व वेल्डिंग यांमुळे ओझोन निर्माण होतो. त्यांच्या जवळ ट्रॅक्टर उभा करू नये. हवेचा दाब टायर थंड असताना तपासावा, कारण हवा कमी असल्यास बाजू अधिक दबतात. दीर्घ मुक्कामात आस भक्कम लाकडी ठोकळ्यांवर टेकवून चाकांवरील भार काढावा. डिझेल वा ग्रीस लागल्यास सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावे. चकाकीसाठी खनिज तेल चोळणे हानिकारक होय.

पृष्ठभागावरील केसासारख्या चिरांवर लक्ष ठेवावे. परंतु चीर खोल जाऊन आतील दोरे दिसू लागल्यास टायर बदलणेच इष्ट. उसाने भरलेली ट्रॉली ओढताना टायर फुटला, तर चालकाच्या व वाटसरूंच्या जिवावर बेतते. ग्रामपंचायतीच्या टँकरलाही हेच लागू आहे. जुना टायर विकत घेताना बाजूवरील चार अंकी खूण पाहावी : २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातील उत्पादन.

शिक्षकांना हे वर्गात दाखविता येईल. एक रबरबँड फळीवर ताणून उन्हात ठेवावा, दुसरा सैल अवस्थेत बंद डब्यात. काही आठवड्यांनी दोन्ही तपासावेत. विद्यार्थ्याने तो फरक घरी सांगितला, तर अंगणातील ट्रॅक्टर सावलीत जाण्यास वेळ लागणार नाही.