घरातून निघतानाच पिशवी घ्या



सुपरमार्केटमध्ये बिल करताना "पिशवी हवी का?" असे आपल्याला हमखास विचारले जाते. आपणही सहज "हो, द्या" म्हणतो. सामान घरी येते आणि ती पिशवी ओट्याखालच्या ढिगात जाऊन पडते. या लहानशा सवयीचा आज थोडा विचार करू या.

पातळ प्लास्टिकच्या पिशवीला वजन असे नसतेच. भंगाराचा भाव किलोवर ठरतो, म्हणून कचरा वेचणारे बाटली उचलतात, पण पिशवी तिथेच राहते. ती वाऱ्याने उडते, गटारात जाते, तिथून खाडीत आणि समुद्रात पोहोचते. आपल्या कोळी बांधवांच्या जाळ्यात मासळीबरोबर प्लास्टिकही येते. पिशवीत बांधून टाकलेले शिळे अन्न गुरे पिशवीसकट गिळतात.

२६ जुलै २००५ चा पाऊस आपण विसरलेलो नाही. त्या वेळी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. एवढ्या पावसात पाणी भरणारच होते; पण गटारांत अडकलेल्या पिशव्यांनी पाण्याची वाट आणखी अडवली. पुढे २००६ साली आपल्या राज्यात ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना मनाई झाली. २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक पिशव्यांवर बंदीची अधिसूचना निघाली आणि पहिल्या गुन्ह्याला ५ हजार रुपये दंड ठरला. तरीही भाजीवालीकडे, मासळी बाजारात आपण पिशवी मागतो आणि ती मिळते. आपण मागत राहिलो, तर कायदा एकटा काय करणार?

"आम्ही आता कापडीच पिशवी वापरतो," असे काही कुटुंबे म्हणतील. त्यांचे कौतुकच आहे. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात.

पहिली गोष्ट. दुकानात कापडासारखी दिसणारी जी रंगीत पिशवी मिळते, ती पुष्कळदा पॉलिप्रॉपिलीनची असते. म्हणजे तेही प्लास्टिकच. काही दिवसांनी तिचा भुगा होऊ लागतो. घरात असतील त्या पिशव्या फाटेपर्यंत जरूर वापराव्यात, पण कापड समजून नव्या घेऊ नयेत.

दुसरी गोष्ट. सुती पिशवीसुद्धा फुकट तयार होत नाही. कापसाला पाणी, खत लागते. सूत काढायला, विणायला वीज लागते. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने २०११ साली याचा हिशेब मांडला. एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीपेक्षा हवामानावरचा भार कमी व्हायचा असेल, तर नवी सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. आठवड्यातून एकदा बाजार केला, तर ही अडीच वर्षे झाली! म्हणजे दर वेळी पिशवी विसरायची आणि दर वेळी नवी कापडी पिशवी विकत घ्यायची, याने काहीच साधत नाही. चांगली पिशवी तीच, जी घरात आधीपासून आहे आणि पुन्हा पुन्हा बाजारात जाते. जुनी चादर, साडी किंवा पँट यांपासून शिवलेली असेल, तर फारच उत्तम.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात सृष्टीच्या रक्षणाची रोजची लहान कामे सांगितली आहेत. प्लास्टिकचा वापर टाळणे, पाणी जपून वापरणे, कचरा वेगळा करणे, खाता येईल तेवढेच शिजवणे ही त्यांतली काही. अशी कामे कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत, पण त्यांचे मोल मोठे आहे, असे त्यांचे सांगणे होते.

मग आपण काय करावे?

१. दोन पिशव्या दाराजवळच्या खिळ्याला टांगाव्यात आणि एक घडी घालून स्कूटरच्या डिकीत किंवा पर्समध्ये ठेवावी.
२. सामान काढून झाले की पिशवी लगेच जागेवर टांगावी. पिशवी विसरते ती बहुधा इथेच.
३. मासळी, मटण यांसाठी झाकणाचा डबा न्यावा. कापडी पिशवी मधूनमधून धुवावी.
४. सुटी फळे, भाजी यांसाठी घरूनच लहान पिशव्या न्याव्यात. दुकानाने परवानगी दिली, तर त्यांतच वजन करून घ्यावे.

आपल्या आजी-आजोबांना हे कोणी शिकवावे लागले नव्हते. टोपली किंवा पिशवी आणि तेलाची बाटली घेतल्याशिवाय ते बाजाराला निघतच नसत.

कुटुंबात विचार करण्यासाठी: गेल्या आठवड्यात आपल्या घरी किती नव्या पिशव्या आल्या? त्यांतल्या किती टाळता आल्या असत्या? या आठवड्यात दारापाशी पिशवी टांगण्याचे काम घरातले कोण घेईल? आज संध्याकाळच्या रोझरीनंतर यावर पाच मिनिटे बोलू या. हे काम मुलांकडे सोपवले, तर आपण विसरलो तरी ती आठवण करून देतील.