बर्फाची नदी

फ्रान्सच्या आग्नेय सीमेवर, जेथे स्वित्झर्लंड आणि इटली हे दोन देश त्याला येऊन भिडतात, तेथे आल्प्स पर्वताच्या कुशीत शामोनी नावाचे एक गाव आहे. अरुंद खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,०३५ मीटर उंचीवर ते वसले आहे. मान वर करून पाहिले की आल्प्समधील सर्वांत उंच शिखर, माँ ब्लाँ, दृष्टीस पडते. माँ ब्लाँ म्हणजे पांढरा पर्वत. आपल्या धवलगिरीचाच हा नावबंधू. त्याची उंची सुमारे ४,८०६ मीटर आहे. 'सुमारे' म्हणण्यास कारण आहे. शिखराच्या माथ्यावर बर्फाची जाड टोपी असून ती कधी वाढते, कधी झिजते. म्हणून २००१ सालापासून दर दोन वर्षांनी मोजणीदार वर चढतात आणि पर्वताची नवी उंची जाहीर करतात.

गावामधून आर्व्ह नदी वाहते. उन्हाळ्यात तिचे पाणी पीठ कालवल्यासारखे करडे-पांढरे दिसते. ते पाहून कोणी नाक मुरडू नये, कारण पाण्यात खरोखरच पीठ असते, मात्र ते दगडाचे! वर डोंगरात बर्फाचे प्रचंड प्रवाह खडकांवरून सरकतात. जात्याप्रमाणे ते खडक दळतात आणि ते पीठ वितळलेल्या पाण्याबरोबर खाली येते. या प्रवाहांना हिमनद्या म्हणतात. शामोनीस येणारा प्रवासी मुख्यतः त्याच पाहावयास येतो.

पूर्वी मात्र या खोऱ्यातील लोकांना हिमनद्यांचे भय वाटत असे. सतराव्या शतकात युरोपातील हिवाळे फार कडक होते. हिमनद्या वाढत वाढत शेतांपर्यंत उतरल्या आणि काही वाड्या बर्फाखाली व दगडगोट्यांखाली गेल्या. लोक भयभीत झाले. तेव्हा १६४४ साली एक बिशप शेकडो गावकऱ्यांची मिरवणूक घेऊन हिमनदीच्या तोंडाशी गेला आणि तिने मागे हटावे म्हणून त्याने देवाची प्रार्थना केली.

पुढे १७४१ साली विंडहॅम व पोकॉक हे दोन इंग्रज प्रवासी जिनिव्हाहून शामोनीस आले. मोंतांव्हेर नावाच्या उंचवट्यावर चढून त्यांनी पलीकडे पाहिले. खवळलेल्या सरोवराच्या लाटा एकाएकी गोठून जाव्यात, तसा तो देखावा त्यांना भासला. तेथील हिमनदीला आज 'मेर द ग्लास', म्हणजे बर्फाचा समुद्र, असे म्हणतात. विंडहॅमने लिहिलेले वर्णन वाचून युरोपातील जिज्ञासू लोकांची पावले शामोनीकडे वळू लागली. १८९६ साली स्वामी विवेकानंदही येथे आले होते आणि त्यांनी हा बर्फाचा समुद्र चालून ओलांडला होता.

गावातील चौकात एक पुतळा आहे. त्यात जिनिव्हाचे शास्त्रज्ञ सोस्यूर उभे असून शेजारी बाल्मा नावाचा पहाडी गडी त्यांना बोटाने शिखर दाखवीत आहे. माँ ब्लाँच्या माथ्यावर जाण्याची वाट शोधणाऱ्यास सोस्यूर यांनी १७६० साली बक्षीस लावले होते. ती वाट सापडण्यास २६ वर्षे लागली! ८ ऑगस्ट १७८६ रोजी बाल्मा आणि गावचे डॉक्टर पाकार हे दोघे शिखरावर पोहोचले. पुढच्या वर्षी सोस्यूर स्वतःही वर गेले. १८८७ साली पुतळा उभारला, तेव्हा मात्र डॉक्टर पाकार यांचा सर्वांना विसर पडला. त्यांचा स्वतंत्र पुतळा उभा राहिला तो १९८६ साली, म्हणजे चढाईला २०० वर्षे झाल्यावर. आता दोन्ही पुतळे पाहिल्याशिवाय गाव सोडू नये, हे बरे.

हिमनदी कोठे जन्म घेते, हे पाहावयाचे असेल तर आकाशपाळण्याने 'एग्वीय द्यु मिदी' या सुळक्यावर जावे. या नावाचा अर्थ माध्यान्हीची सुई असा आहे. गावातून पाहिले असता भर दुपारी सूर्य या सुळक्याच्या माथ्यावर येतो, म्हणून हे नाव. तारेवरून जाणारा हा पाळणा १९५५ साली सुरू झाला. दोन टप्प्यांत, अवघ्या २० मिनिटांत, तो प्रवाशास ३,७७७ मीटर उंचीवर नेऊन सोडतो. तेथे हवा विरळ असते. दोन जिने चढले तरी धाप लागते.

सुळक्यावरून चहूकडे शुभ्र हिमाची मैदाने दिसतात. येथे पडलेले हिम उन्हाळ्यातही सगळे वितळत नाही. वर्षानुवर्षे थरावर थर साचतात. वरच्या थरांच्या भाराने खालचे हिम दाबले जाते, त्यातील हवा निघून जाते आणि त्याचे कठीण, निळसर बर्फ बनते. हे बर्फ स्वतःच्याच भाराने उताराकडे सरकू लागते. डोळ्यांना ती चाल दिसत नाही. जेम्स फोर्ब्ज या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८४२ साली मेर द ग्लासवर खुणा रोवून ती मोजली. पाण्याच्या नदीप्रमाणेच या नदीचा मध्यभाग वेगाने आणि काठ हळू सरकतात, असे त्याने दाखवून दिले.

मेर द ग्लासकडे जाण्यासाठी शामोनीहून तांबडी आगगाडी सुटते. चढ फार असल्याने रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसविली आहे. इंजिनाचे दातेरी चाक तिच्यात अडकत अडकत गाडी वर चढते. १९०९ सालापासून ही गाडी १,९१३ मीटर उंचीवरील मोंतांव्हेरला जाते. उतरल्यावर प्रवासी उत्सुकतेने कठड्याशी धावतो आणि गोंधळून विचारतो, "बर्फाचा समुद्र तो कोठे आहे?"

तो फार खाली गेला आहे. समोर दिसते ती खोल, करडी दरी, आणि तिच्या तळाशी दगडधोंड्यांनी झाकलेले बर्फ. काठावरून खाली नेणारा पाळणा १९८८ साली बांधला, तेव्हा त्यातून उतरून तीन पायऱ्या गेले की पाय बर्फावर पडत असे. पुढे दरवर्षी बर्फ खचत गेले आणि पायऱ्या जोडाव्या लागल्या. तीनांच्या तीस झाल्या, तिसांच्या शेकडो. अखेरीस पाचशेंहून अधिक पायऱ्या उतराव्या लागत. उतरताना वाटेत लहान पाट्या लागत: अमुक साली बर्फ येथवर होते. बर्फाच्या पोटात कोरलेली गुहा पाहावयास लोक येत. बर्फ सरकत असल्यामुळे ती गुहाही दरवर्षी नव्याने कोरावी लागते. शेवटी बर्फाची पाठ धरून पाळणाच हलवावा लागला; २०२४ साली नवा पाळणा हिमनदीच्या वरच्या अंगास सुरू झाला. कोळसा व तेल जाळून माणसाने पृथ्वीची हवा तापविली, हे या ऱ्हासाचे मुख्य कारण आहे. १६४४ साली ज्यांनी हिमनदी मागे हटावी म्हणून हात जोडले, त्यांचे वंशज आज तिच्या मागे मागे जात आहेत.

खोऱ्यात आणखी एक हिमनदी आहे, तिचे नाव बोसाँ. ती माँ ब्लाँच्या माथ्याजवळून थेट खोऱ्याच्या रोखाने उतरते. १८२० साली शिखराकडे जाणाऱ्या एका तुकडीवर हिमकडा कोसळला आणि तीन वाटाडे एका खोल भेगेत गाडले गेले. या घटनेनंतर १८२१ साली शामोनीच्या वाटाड्यांनी आपला संघ स्थापन केला. सुमारे ४० वर्षांनी हिमनदी त्यांचे अवशेष पायथ्याशी आणून देईल, असे फोर्ब्जने गणिताने सांगितले होते. १८६१ साली, म्हणजे ४१ वर्षांनी, ते खरोखरच खाली प्रकट झाले!

या हिमनदीशी आपल्याही देशाचे दुःखाचे नाते आहे. ३ नोव्हेंबर १९५० रोजी मुंबईहून निघालेले एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान माँ ब्लाँवर आदळले. त्यात ४८ माणसे होती. परदेशी जहाजावर कामाला निघालेले भारतीय खलाशीच त्यांत बहुसंख्य होते. अपघाताची वार्ता ऐकून, कोणी जिवंत सापडेल या आशेने शामोनीचे वाटाडे वादळी हवेत वर निघाले. त्यांपैकी रेने पायो हा वाटाडा बर्फाच्या भेगेत पडून मरण पावला. ज्यांना त्याने कधी पाहिलेही नव्हते, त्यांच्यासाठी तो गेला होता.

२४ जानेवारी १९६६ रोजी 'कांचनजंगा' हे एअर इंडियाचे दुसरे विमानही याच पर्वतावर कोसळले. त्यातील ११७ माणसांपैकी एकही वाचला नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संस्थापक आणि थोर अणुशास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा त्याच विमानात होते. ते व्हिएन्नाला निघाले होते.

बर्फाने तेही सारे पोटात घेतले आणि हळूहळू खाली आणले. २०१२ साली भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची टपालाची एक थैली बोसाँवर सापडली. २०२० सालच्या जुलै महिन्यात हिमनदीजवळील एका उपाहारगृहाच्या मालकाला वितळत्या बर्फात ओल्या कागदांचा गठ्ठा दिसला. ती १९६६ सालच्या जानेवारीतील भारतीय वर्तमानपत्रे होती. इंदिरा गांधी पंतप्रधान होणार असल्याची बातमी त्यांत ठळक अक्षरांत छापलेली होती. चोपन्न वर्षे बर्फात राहूनही अक्षरे वाचता येत होती. त्या गृहस्थाने घड्या जपून उलगडल्या आणि ती पाने वाळत घातली.