शेतातील लहान यंत्रे आणि त्यांची मुक्त कार्यप्रणाली

जमिनीतील ओलावा व हवेतील आर्द्रता मोजून ती माहिती बिनतारी मार्गाने कळविणारी लहान यंत्रे आता बागायतीत दिसू लागली आहेत. यंत्र घेताना शेतकरी त्याची किंमत पाहतो. परंतु त्यात कोणती कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, चालते हे सहसा विचारीत नाही. ते का विचारावे, हे या पाठात पाहू.

कार्यप्रणालीचे काम

पाटकरी ज्याप्रमाणे कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या लावून देतो, त्याप्रमाणे ओलावा मोजणे, आकडा साठविणे व तो रेडिओने पाठविणे ही कामे एकाच प्रोसेसरकडून क्रमाने करवून घेणारा आज्ञासंच म्हणजे कार्यप्रणाली होय. या यंत्रांतील स्मरणजागा पुष्कळदा काही किलोबाइटच असते. मोबाइलची प्रणाली तीत मावत नाही. म्हणून स्वतंत्र प्रणाली निर्माण झाल्या. स्वीडनमधील अॅडम डंकेल्स यांची ‘कॉन्टिकी’, जर्मनी व फ्रान्समधील संशोधकांनी २०१३ साली पुढे आणलेली ‘रायट’ आणि लिनक्स फाउंडेशनने २०१६ साली हाती घेतलेली ‘झेफिर’ ही त्यांची उदाहरणे होत. रायटला किमान सुमारे दीड किलोबाइट रॅम पुरते.

विजेचा हिशेब

समजा, यंत्राच्या बॅटरीची क्षमता २,००० मिलिअँपिअर-तास आहे आणि जागेपणी यंत्र २० मिलिअँपिअर प्रवाह घेते. ते सतत जागे राहिल्यास बॅटरी १०० तासांत, म्हणजे सुमारे चार दिवसांत संपेल. तेच यंत्र दर १५ मिनिटांनी केवळ २ सेकंद जागे झाले, तर त्यास दिवसाला सुमारे १.१ मिलिअँपिअर-तास लागतील. झोपेत ०.०१ मिलिअँपिअर प्रवाह धरल्यास आणखी ०.२४ लागतील. या हिशेबाने बॅटरी चार वर्षे पुरावी. प्रत्यक्षात ऊन, दमट हवा व बॅटरीची आपोआप होणारी झीज यांमुळे ती लवकर संपते. तरीही झोपविण्याचे महत्त्व यावरून स्पष्ट व्हावे.

‘मुक्त’ म्हणजे काय?

ज्या प्रणालीचा मूळ आज्ञासंच कोणासही वाचता, बदलता व वापरता येतो, ती मुक्त. आमच्या भागातील एका द्राक्षबागायतदाराची यंत्रे सुस्थितीत असतानाच विक्रेत्याने सेवा बंद केली आणि ऐन छाटणीनंतर ती मुकी झाली. आज्ञासंच कोणाजवळच नसल्याने स्थानिक तंत्रज्ञासही काही करता आले नाही.

मात्र एक सावधगिरी बाळगावी. मूळ प्रणाली मुक्त असली, तरी तिच्यावर रचलेला विक्रेत्याचा भाग बंद असू शकतो. कॉन्टिकी व झेफिर यांचे परवाने तो खुला करण्याची सक्ती करीत नाहीत. रायटचा परवानाही मुख्यतः रायटमध्येच केलेले बदल खुले ठेवावयास लावतो.

खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. यंत्रात कोणती कार्यप्रणाली आहे?
२. विक्रेत्याने लिहिलेला भाग मिळेल काय?
३. यंत्रात नवा आज्ञासंच भरता येतो, की ते कुलूपबंद आहे?
४. माहिती आपल्या संगणकावर घेता येते, की विक्रेत्याच्याच केंद्रावर जाते?
५. दोष सुधारण्याची हमी किती वर्षांची आहे?

ही उत्तरे पावतीबरोबर लेखी घ्यावीत. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ही प्रश्नावली गावातील सभेत वाचून दाखवावी. बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो. यंत्र घेताना त्याची कार्यप्रणाली पाहण्याची सवय लावून घेणे हितावह ठरेल.