अतिसार आणि कच्चे बेलफळ

शिवमंदिराच्या आवारातील बेलाचे झाड महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. त्याचे त्रिदल पूजेत वापरतात, तर फळ औषधात. आयुर्वेदात बिल्वमूळ हे दशमुळांपैकी एक असून, कच्च्या फळाचा वाळविलेला गर अतिसार व ग्रहणी या विकारांवर सांगितला आहे. बहुतेक फळे पिकल्यावर अधिक गुणकारी मानली जातात. बेल त्यास अपवाद आहे. पिकलेले फळ पचनास जड, तर कोवळे फळ ग्राही, म्हणजे मळ बांधणारे समजले जाते.

प्रयोगशाळेतील कसोटी

या परंपरागत उपयोगाची शास्त्रीय तपासणी मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेतील संशोधकांनी केली व २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. कच्च्या बेलाच्या वाळलेल्या गराचा काढा अतिसारकारक सहा जीवाणूंवर वापरून पाहण्यात आला. त्यांपैकी एकही जीवाणू काढ्याने मेला नाही. एवढ्यावरच चाचणी थांबली असती, तर बेल निरुपयोगी ठरला असता.

परंतु जीवाणू पोटात गेल्याने लगेच रोग होत नाही. काही जीवाणू आतड्याच्या पेशींना चिकटतात, काही पेशींच्या आत शिरतात, तर पटकीच्या जंतूसारखे काही जीवाणू विष निर्माण करतात. हे विष पेशींच्या पृष्ठभागावरील जीएम-१ नावाच्या घटकास चिकटते आणि मग शरीरातील पाणी व क्षार आतड्यात झिरपू लागतात. प्रयोगशाळेत वाढविलेल्या मानवी पेशींना जीवाणू चिकटण्याचे व त्यांत शिरण्याचे प्रमाण काढ्यामुळे लक्षणीय घटले. पटकीच्या विषाची निर्मिती व त्याचे जीएम-१ ला चिकटणे, या दोन्हींवर काढ्याचा परिणाम दिसला. म्हणजे बेल जंतूंना मारत नाही, तर त्यांच्या कार्यात अडथळा आणतो. ई. कोलाय जीवाणूच्या उष्णतेने नष्ट न होणाऱ्या विषावर मात्र त्याचा प्रभाव पडला नाही.

उपयोगाची मर्यादा

हे निष्कर्ष प्रयोगशाळेतील आहेत. रुग्णावरील उपचाराचा तो पुरावा नव्हे. शिवाय अतिसारात बालक दगावते ते मुख्यतः शरीरातील पाणी व क्षार कमी झाल्यामुळे. ही तूट बेलाने भरून निघत नाही. ती जलसंजीवनीने भरून निघते, कारण अतिसारातही साखरेबरोबर मीठ व पाणी शोषून घेण्याची आतड्याची शक्ती बहुधा शाबूत असते. १९७१ साली बांगला निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या साथीत याचा मोठ्या प्रमाणावर प्रत्यय आणून दिला.

म्हणून जुलाब सुरू होताच जलसंजीवनी द्यावी. पाकीट नसल्यास १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवावे. अंगावरचे दूध व नेहमीचा आहार चालू ठेवावा. आरोग्य सेविकेच्या सल्ल्याने जस्ताच्या गोळ्या द्याव्यात. शौचावाटे रक्त पडणे, डोळे खोल जाणे, मूल सुस्त होणे किंवा लघवी बंद होणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास घरगुती काढ्यात वेळ न दवडता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. बेलाचे औषध वैद्याच्या सल्ल्याने व पूरक म्हणूनच घ्यावे.

शाळेत शिक्षकांनी जलसंजीवनीचे प्रात्यक्षिक दाखवावे. ग्रामपंचायतीने पाण्याचे नियमित शुद्धीकरण होते की नाही, हे पाहावे. गावाच्या आवारात बेल अवश्य लावावा. पण गावाचे पहिले औषध म्हणजे शुद्ध पाणी, हे विसरून चालणार नाही.