रंगीत पानांची झुडपे : अकॅलिफा व क्रोटन

थंड देशांत डॉगवूडचे काही प्रकार खोडाच्या रंगासाठी लावतात. पाने गळाली की त्यांच्या तांबड्या काड्या बर्फात उठून दिसतात. कोवळ्या काडीस रंग अधिक, म्हणून वसंताच्या आरंभी ते जमिनीलगत छाटतात. आपल्या उष्ण मैदानी भागास हे झुडूप मानवणारे नाही. येथे अकॅलिफा व क्रोटन ह्यांवरच भिस्त ठेवावी. दोन्ही एरंडाच्या कुळातील. परंतु छाटणीच्या बाबतीत त्यांचा स्वभाव भिन्न आहे. हा भेद न जाणता दोहोंवर सारखीच कात्री चालविल्यास दोन-तीन वर्षांची वाढ वाया जाते.

अकॅलिफाची नवी फूट झळाळते व जुनी फांदी बुडाशी बोडकी होते. म्हणून पावसाच्या तोंडी ते निम्म्यापर्यंत छाटावे. क्रोटनचे कोवळे पान मात्र बहुधा हिरवे-पिवळे असते. लाल छटा पान जून होताना चढते. ते वरचेवर कातरल्यास रंग यावयाच्या आतच पाने जातात. झुडूप उंचाडे झाले तरच शेंडा खुडावा. एखादी फांदी निव्वळ हिरवी फुटल्यास ती मुळापासून काढावी, नाहीतर तीच जोर धरते.

रोपवाटिका चालविणाऱ्याने एका कुंपणासाठीची सर्व रोपे एकाच मातृवृक्षापासून घ्यावीत. बियांपासून केलेली क्रोटनची रोपे एकसारखी निपजत नाहीत, आणि गिऱ्हाईक परत येत नाही. अकॅलिफाची पेन्सिलीएवढ्या जाडीची, १५ ते २० सें.मी. लांबीची छाटे जून-जुलैत सहज रुजतात. क्रोटनची गुटी बांधावी. सुमारे २ सें.मी. रुंदीची साल वर्तुळाकार काढून चीक सुकू द्यावा. मग ओले शेवाळ लावून प्लास्टिकच्या कागदाने घट्ट बांधावे. मुळ्या कागदातून दिसू लागल्यावरच फांदी कापावी व रोप काही दिवस सावलीत ठेवावे. चिकाने कातडीची आग होते व कपड्यांवर डाग पडतात. झुडूप गुरांच्या व लहान मुलांच्या तोंडी लागू देऊ नये.

दिवाणखान्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात कुंडी ठेवून रंग उतरला म्हणून खताची पोती आणणारे पुष्कळ भेटतात. त्या झाडाला सकाळचे ऊन पाहिजे असते. विदर्भातील वैशाखात मात्र दुपारची सावली अवश्य द्यावी. कोरड्या दिवसांत पानांच्या पाठीवर लाल कोळी पडते. प्रथम पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारून पाहावा.